पौषातले ऊन

हैदराबादच्या नकाशावरून बोट फिरवू लागले, की बागांची नावे एकामागून एक बोटाखाली येत राहतात. जामबाग, बशीरबाग, बागलिंगमपल्ली, बाग अंबरपेठ, मुसारामबाग. परगावचा पाहुणा ही नावे ऐकून हरखतो आणि प्रत्यक्ष जाऊन पाहतो, तो दुकाने, दवाखाने, उड्डाणपूल आणि वाहनांचा धूर. जामबागेत आपल्या मराठी मंडळींना १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी दाखविता येते. परंतु येथल्या दखनी बोलीत ज्याला ‘जाम’ म्हणतात, त्या पेरूचे झाड काही दाखविता येत नाही. मुसारामबागेची कथा याहून गमतीची. निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमाँ १७९८ साली मरण पावला. ‘मस्यु रेमाँ’चा लोकांच्या जिभेवर ‘मुसाराम’ झाला, आणि बाग गेली तरी राम तेवढा उरला.

बागांची ही हौस शहराइतकीच जुनी आहे. मुहंमद कुली कुतुबशहाने १५९१ साली हे नगर वसविले. पुढे सतराव्या शतकात गोवळकोंड्यास येऊन गेलेल्या तावेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने त्याचे नाव ‘बागनगर’ असे नोंदविले आणि पूर्वी येथे राजाच्या सुंदर बागा होत्या, असेही लिहून ठेवले. मूळ नाव बागनगर की भाग्यनगर, हा वाद आम्ही इतिहासकारांवर सोपवितो. नामपल्ली स्थानकाजवळची बागे आम, विधानसभा आणि वस्तुसंग्रहालय यांना पोटाशी धरून, अद्याप उभी आहे. बाकीच्या बागांपैकी बहुतेक आता केवळ पत्त्यात लिहिण्यापुरत्या उरल्या आहेत.

जागेचे भाव वाढले म्हणून बागा गेल्या, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते, आणि ते खोटे नाही. तथापि ज्यांच्या अंगणाची जागा तसूभरही कमी झाली नाही, अशांच्याही बागा गेल्याचे आम्ही पाहिले आहे. माती तीच, पाणी तेच, माळी तोच. केवळ ऊन गेले. बाग जाण्याच्या आधी तिचे ऊन जाते, ही गोष्ट आम्हांला एका परदेशी फुलाने शिकविली. त्या फुलाची, आणि त्याच्या निमित्ताने या शहरातील हिवाळी उन्हाची, ओळख वाचकांना करून द्यावी म्हणून हा लेखप्रपंच.

या फुलाला मराठीत रूढ नाव नाही. बियांच्या पाकिटावर ‘स्कॅबिओसा’ असे छापलेले असते. काही जण ‘पिनकुशन’ म्हणतात. शिवणाच्या डब्यात टाचण्या खोचून ठेवण्यासाठी जी लहानशी फुगीर उशी असते, तिच्यासारखा या फुलाचा घाट असतो. गर्द जांभळ्या, गुलाबी किंवा पांढऱ्या घुमटावर फिकट डोक्यांचे पुंकेसर असे वर आलेले असतात, की कोणी हौशी शिंपिणीने मोत्याच्या टाचण्या मोजून टोचल्या आहेत असे वाटावे. आमच्या सौभाग्यवतींनी त्याला ‘टाचणउशी’ म्हणावयास आरंभ केला आणि घरात तेच नाव रुळले. वस्तुतः हे एक फूल नव्हेच. झेंडू किंवा सूर्यफूल यांच्याप्रमाणे हाही अनेक लहान फुलांचा मेळावा आहे. कडेची फुले मोठी, आतली लहान. उमलण्याचे काम सर्वांनी मिळून काही दिवस चालविलेले असते. म्हणूनच मधमाश्या आणि फुलपाखरे एकाच उशीवर कितीतरी वेळ बसून असतात.

याचे माहेर भूमध्य समुद्राच्या काठचे. लिनियसने १७५३ साली त्याचे शास्त्रीय नाव ‘स्कॅबिओसा ॲट्रोपर्प्युरिया’ असे प्रसिद्ध केले. यातील पहिला शब्द लॅटिन भाषेतील खरजेच्या नावावरून आला आहे. युरोपातील जुने वैदू या कुळातील वनस्पती त्वचेच्या खाजेवर वापरीत. दुसऱ्या शब्दाचा अर्थ काळसर जांभळा. इतक्या देखण्या फुलाच्या नशिबी खरजेचे नाव यावे, हा दैवाचा विनोदच म्हणावयाचा. पुढे त्या काळसर रंगामुळे युरोपातील लोकांनी त्याला विधवेचे फूल मानले. पोर्तुगीज भाषेत तर त्याला ‘सौदाद’ असेच म्हणतात. दूर गेलेल्या माणसाची, सुटलेल्या गावाची जी गोड हुरहूर मनात राहते, तिच्यासाठीचा हा शब्द गोव्यातील जुन्या मंडळींना परिचित असेल. ज्यांचे आजे-पणजे मराठवाड्यातून निघून मुसीकाठी स्थायिक झाले, त्या आपल्यासारख्यांनाही तो समजावयास कठीण जाऊ नये.

भूमध्य समुद्राच्या काठी हिवाळा सौम्य व पावसाळी, तर उन्हाळा कोरडा असतो. आपल्याकडे सगळे उलटे. पाऊस पडतो तो उन्हाळा सरताना, आणि हिवाळा कोरडा. तरीही हे फूल हैदराबादेत चांगले येते, याला तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे येथील थंडी. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवरील या पठारावर डिसेंबर-जानेवारीत रात्री १५ अंशांच्या आसपास उतरतात, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली. दुपारी मात्र ऊन निर्मळ असते. दुसरे कारण जमीन. आपल्या पायाखाली काळा कातळ नाही, अतिप्राचीन ग्रॅनाइट आहे. त्याच्या झिजेतून झालेली तांबूस, वाळूमिश्रित माती तेलुगू शेतकरी ‘चलका’ या नावाने ओळखतात. तिच्यात पाणी साचून राहत नाही, आणि टाचणउशीला साचलेल्या पाण्याचा मोठा तिटकारा. शहरात काही भागांत काळी ‘रेगडी’ही आढळते, भूगोलाच्या पुस्तकातील ‘रेगूर’ हा शब्द तेलुगूतील त्याच नावावरून आलेला. तशी माती असेल तर वाफा वीतभर उंच करून त्यात मुरूम व वाळू मिसळावी. तिसरे कारण विंधनविहिरीचे जड पाणी. वरणाची डाळ शिजेना म्हणून गृहिणी ज्या पाण्याला बोल लावतात, त्यातील चुन्याचा अंश या फुलाला मानवतो.

लागवडीचे पंचांग आपल्या सणांशी असे जुळते, की वेगळी वही ठेवण्याचे कारणच नाही. घटस्थापनेला आपण घटाभोवती माती पसरून तिच्यात धान्य पेरतो. त्याच सुमारास टाचणउशीचे रोप घालावे. बी गवती रंगाचे असते, आणि त्याच्याभोवती पातळ कागदाची चुणीदार झालर असावी तशी कड असते. पसरट कुंडीत माती, वाळू आणि चाळलेले शेणखत घालून बी जेमतेम झाकले जाईल इतकेच दडपावे. दहा ते पंधरा दिवसांत ते उगवते. मात्र कुंडी पागोळीखाली किंवा व्हरांड्यात असावी. येथील पाऊस निरोप घेताना कसा उलटतो, हे १३ ऑक्टोबर २०२० च्या रात्री सर्व शहराने अनुभवले आहे. दिवाळीच्या आसपास रोपांना चार-सहा पाने आली की ती हातभर अंतरावर वाफ्यात लावावी. वीतभर वाढल्यावर शेंडा खुडावा, म्हणजे फांद्या फुटतात. खत बेताचे द्यावे. लाड केले तर पानेच माजतात. पाणी मुळाशी द्यावे, पानांवर नव्हे. असे केल्यास संक्रांतीच्या सुमारास पहिली उशी उमलते, आणि वाळलेली फुले नियमाने खुडीत गेल्यास होळीपर्यंत बहर राहतो. मार्चअखेर ऊन तापू लागले की झाड आपण होऊन आवरते घेते.

या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट आम्हांला रोपवाटिकेतील एका वृद्ध माळ्याने दखनीत सांगितली. ‘ये ठंडी का फूल है साब, होली तक का मेहमान. खाद कम चलता, पानी कम चलता. धूप पूरी हौना इसकू.’ पूर्ण ऊन म्हणजे दिवसाचे निदान सहा तास. सावलीत टाचणउशी मरत नाही. मान लांब करून वाढते, आडवी पडते, पानांवर भुरी धरते आणि कळ्या धरण्याचे काम पुढे ढकलीत राहते.

हैदराबादेत राहून उन्हाची काळजी करावी, हे वाचून कोणी हसेल. परंतु उन्हाचा हिशेब केवळ ते किती तापते यावर करावयाचा नसतो. ते कोठून येते, हे आधी पाहावे लागते. आपले शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस साडेसतरा अंशांच्या जवळ आहे. मे महिन्याच्या ९ तारखेच्या सुमारास आणि पुन्हा ३ ऑगस्टच्या सुमारास भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशीच नाहीशी होते. या दोन दिवसांच्या दरम्यान मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो. उलट २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेकडे इतका झुकतो, की भर दुपारीही क्षितिजापासून त्याची उंची ४९ अंशच भरते. अर्थात मेमध्ये, जेव्हा ऊन नकोसे होते, तेव्हा उंच इमारतीच्या पायथ्याशीही ते भरपूर पडते. पौषात, जेव्हा ते हवेहवेसे वाटते, तेव्हा दक्षिणेकडील प्रत्येक भिंत त्याला अडविते.

शाळेत आम्ही हा पाठ फळ्यावर शिकवीत नाही. नाताळच्या सुट्टीपूर्वी मुलांना मैदानावर नेऊन एक मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ रोवतो. हैदराबादचा मध्यान्ह त्या दिवसांत घड्याळातील सव्वाबाराच्या सुमारास होतो. त्या वेळी मुले सावली मोजतात. ती ८६ सेंटिमीटरच्या आसपास भरते. मग एखादा हुशार मुलगा आपण होऊन म्हणतो की, आवाराची भिंत सहा फूट उंच असेल तर तिच्यालगतच्या पाच फुटांत आज दुपारी ऊन येणार नाही. शाळेचा हिवाळी फुलांचा वाफा कोठे असावा, हे त्या काठीनेच ठरते. गणित, भूगोल आणि बागकाम हे तीन विषय एका काठीवर उभे राहतात. सरकारकडे त्यासाठी वेगळी मागणी करावी लागत नाही.

आता घरची गोष्ट. काचीगुड्याकडील आमचे घर आजोबांच्या काळचे, एकमजली. त्याच्या दक्षिणेस तीस फूट रुंदीचे अंगण आहे. अंगणाच्या पलीकडे जुने बैठे घर होते, तेथे काही वर्षांपूर्वी पन्नास फूट उंचीची इमारत उभी राहिली. माणसांना घरे लागतातच, आणि त्या इमारतीतील मंडळी सुस्वभावी आहेत; कोणास दोष देण्याचे कारण नाही. परंतु पन्नास फुटांची डिसेंबरातील मध्यान्हछाया त्रेचाळीस फूट होते, आणि अंगण तर तीसच फुटांचे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे टाचणउशीच्या अवघ्या आयुष्यात, त्या अंगणात दुपारचे ऊन उतरत नाहीसे झाले. रथसप्तमीला तुळशीपुढे गोवरीवर दूध उतू घालविण्याचा आमच्या घरचा परिपाठ. सूर्यनारायणाची पूजा सूर्य दिसत नाही अशा अंगणात कशी मांडावी, असा प्रश्न आमच्या मातुःश्रींनी विचारला, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर पुढे त्याच काठीने दिले. आमची गच्ची जमिनीपासून बारा फूट उंच. म्हणजे तिच्या दृष्टीने समोरची इमारत अडतीस फुटांचीच. तिची डिसेंबरातील सावली सुमारे तेहतीस फूट. त्यातील तीस फूट अंगणात खर्ची पडतात. गच्चीवर दक्षिणेकडील तीन फुटांची पट्टी तेवढी झाकली जाते. सकाळ-संध्याकाळच्या सावल्या अधिक लांबतात आणि बाजूंना सरकतात हे खरे, तथापि दुपारचे चार-पाच तास हक्काचे मिळतात आणि सकाळच्या उन्हाची त्यात भर पडते. टाचणउशी कुंड्यांतून गच्चीवर गेली. कुंडी निदान फूटभर खोल असावी, तळाशी खापऱ्या घालाव्या, आणि वाऱ्याने झाड लवंडू नये म्हणून काडीचा आधार द्यावा, इतकेच पथ्य. संक्रांतीला हैदराबादची सारी गच्ची-संस्कृती पतंगांसह आकाशाकडे तोंड करून उभी असते. त्या गर्दीत आमच्या कुंड्याही पहिल्या फुलांनिशी असतात. रथसप्तमीचे दूधही आता तेथेच उतू जाते.

अंगण मात्र ओस पडले नाही. पावसाळ्यात सूर्य माथ्यावर असल्यामुळे तेथे ऊन येते, आणि त्या उन्हात न पेरता कुरडू उगवतो. आपल्याकडे त्याच्या कोवळ्या पानांची भाजी करतात. तेलुगू मंडळी त्यालाच ‘गुनुगु’ म्हणतात आणि बतुकम्मा रचताना त्याचे रुपेरी-गुलाबी तुरे पिवळ्या तंगेडूच्या, म्हणजे आपल्या तरवडाच्या, जोडीने वापरतात. २०१४ साली तेलंगण राज्य झाल्यावर तरवड राज्यपुष्प ठरला. शहराभोवतीची माळराने बांधकामाखाली गेली, तशी ही फुले बाजारात विकत घ्यावी लागतात. म्हणून आमच्या उत्तरेस राहणाऱ्या अम्मा भाद्रपदातच बजावून ठेवतात की, सद्दुल बतुकम्मा होईपर्यंत अंगणातील गुनुगुला हात लावावयाचा नाही. आम्ही लावीत नाही. दुर्गाष्टमीस त्यांच्या लेकी-सुना ते तुरे घेऊन जातात, आणि भोंडल्याची खिरापत ओळखावयास आमच्याकडे येतात.

या अम्मांमुळेच आम्ही सध्या पेचात आहोत. आमचे घर जुने झाले आहे. बंधूंची मुले मोठी झाली. सर्वांना पुरेल अशी पाच मजली इमारत येथे उभारावी, असे घरात ठरत आले आहे. त्यात अवाजवी काही नाही. परंतु दक्षिणेच्या इमारतीने आमच्या अंगणाला जे केले, तेच आमची इमारत उत्तरेकडील अम्मांच्या अंगणाला करील. तेथे त्यांची तुळस आहे. पौषात त्या पाठीला ऊन घेत तेथे शेंगा सोलीत बसतात, आणि ऐंशीच्या घरातील त्यांच्या गुडघ्यांना गच्चीचा जिना मानवत नाही. आम्हांला जी वाट सापडली, ती त्यांना खुली नाही.

कायद्याने सोडावयाची जागा सोडली की आपले कर्तव्य संपले, असे बंधू म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात व्यवहार आहे. शहरात फुटाफुटाला पैसा मोजला जातो. आम्ही वास्तुविशारदांना एवढेच विचारले की, मोकळी जागा दक्षिणेस कमी करून उत्तरेस अधिक सोडता येईल काय, आणि वरचे दोन मजले उत्तरेकडून मागे सारता येतील काय. येतील, असे ते म्हणाले. एक खोली कमी होईल. ती कोणाची, यावर घरात बोलणी चालू आहेत. आम्ही आमच्या अभ्यासिकेचे नाव पुढे केले आहे. पुस्तके काय, कोठेही राहतील.

नकाशाचा कागद सध्या आमच्या टेबलावर आहे. त्यावर आम्ही पेन्सिलीने एक रेषा ओढली आहे. २२ डिसेंबरच्या दुपारी आमच्या नियोजित इमारतीची सावली कोठवर पोहोचेल, ती ही रेषा. पहिल्या आराखड्यात ती अम्मांच्या तुळशीच्या पलीकडे जात होती. दुसऱ्यात ती तुळशीच्या दोन हात अलीकडे थांबते. बंधूंनी तो कागद कालपर्यंत परत केलेला नाही आणि नाकारलेलाही नाही. गच्चीवर टाचणउशीचे बी धरले आहे. झालर वाळून गवतासारखी झाली की ते काढावयाचे, कागदी पुडीत बांधून कोरड्या जागी ठेवावयाचे. वाचकांपैकी ज्यांच्या अंगणात अथवा गच्चीवर पौषाचे ऊन अजून येत असेल, त्यांनी घटस्थापनेपूर्वी निरोप धाडावा. चिमूटभर बी खुशाल न्यावे.